मधला रकाना

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच घरी, पांढुर्ण्याला, मागच्या अंगणात पाटावर बसले होते आणि माझ्या मांडीवर गेंदा होती. गेंदा ही ताईची कोंबडी. आठ वर्षांची, तांबूस पिवळी, उजव्या तळपायाला जुना फोड असलेली. तिचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं धरायचा, जुन्या धोतराच्या तुकड्यानं कोरडा करायचा, मलम लावायचं आणि बोटांच्या मधून पट्टी फिरवायची, असा क्रम होता. दर तीन दिवसांनी. शनिवारी नागपूरच्या दवाखान्यात ताईनं मला खुणेनं जवळ बोलावलं होतं. मला वाटलं, काही निरवानिरवीचं सांगते. ती म्हणाली, "सोमवारी गेंदाची पट्टी आहे. तूच जाय. नितीन पट्टी आवळून टाकते." नितीन हा तिचा एकुलता एक मुलगा. म्हणून सोमवारी मी नागपूरला न जाता पांढुर्ण्याला आले. मंगळवारी सकाळी ताईकडे, असं माझ्या यादीत पुढे लिहिलेलं होतं. पट्टीचे दोन वेढे झाले होते तेव्हा फोन वाजला. नितीन म्हणाला, "मावशी, आई गेली." मी विचारलं, किती वाजता. तो म्हणाला, आत्ताच, दहा मिनिटं झाली. मी घड्याळ पाहिलं. मग फोन खाली ठेवला, पट्टीचे उरलेले वेढे घेतले, टोक चिकटवलं, गेंदाला खाली सोडलं, घमेल्यातलं पाणी पेरूच्या बुडाशी ओतलं आणि हात धुतले.

नऊ दिवस. दवाखान्यात नेल्यापासून जाईपर्यंत इतकेच. डोळे पिवळे दिसायला लागले म्हणून नितीन तिला नागपूरला घेऊन गेला होता, कावीळ असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्वादुपिंडाचा कर्करोग सांगितला, खूप पसरलेला. "वजन कधीपासून कमी होत होतं यांचं?" त्यांनी विचारलं. मी नितीनकडे पाहिलं, नितीननं माझ्याकडे. मी म्हणाले, तसं काही लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. मी सौंसरच्या एका शाळेत कार्यालयाचं काम बघते. हजेरीपट, सामानाची नोंद, परीक्षेचे तक्ते, सगळं माझ्याकडे. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणण्याची वेळ माझ्यावर क्वचित येते. त्या दिवशी ते वाक्य मी अगदी सहज बोलून गेले.

ताईला पांढुर्ण्यात आणि मोहगावच्या बाजूच्या खेड्यांत सगळे नर्सबाई म्हणत. तिचं नाव कुंदा. तीस वर्षं ती त्या खेड्यांतून बाळंतपणं करत, लसी टोचत हिंडली, आधी सायकलवर, मग मोपेडवर. कोंबड्या तिच्या आयुष्यात त्याच वाटेनं आल्या. आमच्या माहेरी अंडंसुद्धा चालत नसे. पण अडलेली बाई सुटली की तिची सासू दुसऱ्या दिवशी कोंबडी घेऊन दारात उभी राहायची आणि नाही म्हटलं तर तिला वाईट वाटायचं. ताई कोंबडी घ्यायची, पिशवीतून तोंड बाहेर काढून बसमध्ये मांडीवर बसवायची आणि घरी आणून अंगणात सोडायची. खायची तर नव्हतीच. भाऊजी हयात होते तेव्हा म्हणायचे, "तुमच्या ताईंचा पगार सरकार देते आणि बोनस पंख फडफडवत येते." अशा कित्येक आल्या, काही तिनं गरजूंना देऊन टाकल्या. पण निवृत्तीच्या वेळी ज्या सहा उरल्या त्यांच्यावर मात्र ती अडून बसली. प्रत्येक कोंबडी कोणत्या बाळंतपणाची, ते तिला पाठ होतं. गेंदा म्हणजे जुळी. जाई म्हणजे पायाळू, रात्रभर अडलेली. मास्तरीण म्हणजे जिची आई आता शाळेत शिकवते ती मुलगी.

कोंबडी म्हातारी होते हे मला तोवर माहीतच नव्हतं. म्हातारी होईपर्यंत तिला ठेवतं कोण. ताईच्या अंगणात मी ते पाहिलं. अंडी बंद होतात, नखं वाकडी वाढतात, पायावरचे खवले उलतात, डोळ्यांवर पडद्यासारखा सारा येतो. जाईला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा ताई तळहातावर कणी घेऊन बोटानं टकटक करायची, की जाई आवाजाकडे चोच न्यायची. उंच दांडीवरून उतरताना त्यांचे पाय दुखावतात म्हणून ताईनं मागच्या पडवीतल्या दांड्या विटेच्या उंचीवर आणल्या. उन्हाळ्यात दाराला ओलं पोतं, प्यायला पातळ ताक. एकदा मास्तरणीच्या गळ्यातली दाण्याची पिशवी फुगून कडक झाली तर ताई दोन दिवस दर तासाला ती हलक्या हातानं चोळत बसली होती. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ, पण तेही कंटाळले. "बाई, अंडं देत नाही तर हिच्यात इलाज काय करायचा?" ताई म्हणाली, "साहेब, अंडं तर मी पण देत नाही. तरी माझा बीपी दवाखान्यात परवाच पाहिला ना." शेजारच्या लताबाई भिंतीवरून वाकून रोज एकदा तरी म्हणायच्या, "नर्सबाई, खायच्या नाही, विकायच्या नाही, मंग पोसून कायले राहिल्या?" आणि रोज जाताना उरलेला भात देऊन जायच्या.

मास्तरीण मागच्या पोळ्याच्या आधी मेली. चोळून चोळून तिची पिशवी बरी झाली होती, ती खात होती, चालत होती. एका सकाळी ताईनं तिला उचललं तर हाताला नुसतं हाडकाचं धारदार टोक लागलं. पिसं तशीच भरगच्च, आत काहीच नाही. दुपारपर्यंत गेली. ताईनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका चिडलेला होता, स्वतःवर. "पिसाईच्या आत कधी वाळली, समजलंच नाही मले, शोभे. तीस वर्षं लेकराईचे वजनं केले मी. इथंच चुकली." मी म्हणाले, मग यांचीही करू. मला उपाय सुचला की बरं वाटतं. पुढच्या रविवारी मी आमच्या पलंगाखाली पडलेला वजनकाटा घेऊन पांढुर्ण्याला गेले. तो मी माझ्यासाठी घेतला होता. चार दिवस वापरला आणि आकडा आवडला नाही म्हणून ढकलून दिला. त्यावर कोंबडी एकटी उभी राहीना, टोपलीत ठेवली तर उडी मारे. बाजारात पाय बांधून उलटी टांगतात तसं करायला ताई तयार नव्हती. "पेशंटले उलटं टांगत नाही कोणी." शेवटी तिनंच युक्ती काढली. कोंबडी काखेत घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची.

मी लगेच रजिस्टर आखून दिलं. लांब वही, पट्टी, लाल पेन. तारीख, नाव आणि मग तीन रकाने : कोंबडीसह, एकटी, फरक. प्रत्येक वेळी पुन्हा पुन्हा एकटीनं कशाला चढायचं, तर मी सुचवलं की एकटीचं वजन दर रविवारी एकदाच घ्यायचं आणि तेच सगळ्या ओळींत उतरवायचं. तेवढाच वेळ वाचतो. ताईनं कौतुकानं पाहिलं. म्हणाली, "तुह्या हातात दवाखाना दिला असता ना, तर लाइनच लागली नसती." रजिस्टरला सुतळी ओवून आम्ही ते पडवीतल्या खिळ्याला टांगलं. त्यानंतर दर रविवारी सकाळी दहाला माझा फोन. ती वाचायची, मी ऐकायची. गेंदा एक आठ. जाई दीड. शंभर ग्रॅम कमी झाले की आम्ही दोघी अर्धा तास खल करायचो, दाणा बदलायचा का, जंताचं औषध द्यायचं का. दोन पन्नाशी-साठीच्या बाया एका आंधळ्या कोंबडीच्या शंभर ग्रॅमवर. माझ्या घरचे हसायचे. मला रविवार त्या फोनशिवाय सुरू झाला असं वाटायचंच नाही.

काळी आली ती होळीच्या आधी. ताई तिगावला एका ओळखीच्या घरी बारशाला गेली होती. परतताना फाट्यावर तिला रस्त्याच्या कडेला काळी कोंबडी दिसली, कपाळावर कुंकू, पायात लाल दोरा, एक पंख गाडीनं चेपलेला. आमच्याकडे घरात कोणी फार दिवस आजारी असलं की काळी कोंबडी त्याच्यावरून उतरवतात आणि गावाबाहेर नेऊन सोडतात. दुखणं तिच्याबरोबर गेलं असं धरायचं. अशा उताऱ्याच्या कोंबडीला कोणी हात लावत नाही, घरात तर नाहीच नाही, कारण दुखणं तिच्या मागोमाग येतं म्हणतात. ताईनं ती पदरात गुंडाळली. ऑटोवाल्यानं तिला ओळखलं आणि हात जोडले. "सिस्टर, तुम्ही बसा, पण ही उताऱ्याची आहे, हिले मी गाडीत नाही घेत." मग ताई तिला घेऊन पायी निघाली. निम्म्या वाटेत त्याच ऑटोवाल्यानं परत येऊन तिला कोंबडीसकट मागे बसवलं. रविवारी फोनवर मी तिला रागावले. लोक बोलतील म्हणाले. ती म्हणाली, "काय वं शोभे, माणसाचं दुखणं हिच्यावर टाकलं ना त्यायनं? मंग पेशंट कोण झालं? हीच ना. पेशंटले फाट्यावर टाकून देऊ का मी?" रजिस्टरमध्ये सहावी ओळ वाढली.

लोक बोलले, पण ते ताई गेल्यावर. तिला नागपूरहून आणून ओट्यावर ठेवलं होतं, तेव्हाच बायकांमधून कोणीतरी म्हणालं, काळीनं नेलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर तेच. लताबाई, ज्या चार वर्षं भात देत होत्या, त्या भिंतीवरून दिसेनाशा झाल्या. तेरवीच्या तयारीत आलेला प्रत्येक माणूस आधी फोटोला फूल वाहायचा आणि मग मान लांबवून पडवीकडे बघायचा. नितीन शिकलेला मुलगा, नागपूरला कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. दहाव्या दिवशी मला म्हणाला, "मावशी, मी हे सगळं मानत नाही. तुला माहीत आहे. पण ती काळी घरात आली आणि चार महिन्यांत आई गेली. मला ती डोळ्यांसमोर नको. कोणतीच नको." बोरगावचा एक माणूस सहाही घेऊन जायला तयार होता. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. सांभाळीन म्हणाला होता. कसं सांभाळणार ते नितीनला कळत होतं, मलाही कळत होतं.

आणि त्याला थांबवण्याचं साधन माझ्याजवळ होतं. पाचव्या दिवसापासून होतं. त्या दिवशी मी घरातल्या सामानाची यादी करत करत पडवीपर्यंत आले होते. खिळ्यावरचं रजिस्टर काढलं ते शेवटची वजनं बघायला, गेंदाचं काही कमी झालं का, इतकंच. नेहमीप्रमाणे बोट शेवटच्या रकान्यावरून खाली नेत होते. एक सात, एक सात, एक आठ. मग माझं बोट का कोण जाणे एक रकाना अलीकडे सरकलं. अठ्ठेचाळीस पॉइंट नऊ. मला वाटलं, चुकून लिहिलं. वरच्या ओळीत तेच. त्याच्या वरच्या ओळीतही तेच. मागचं पान उलटलं. एक्कावन्न. त्याच्या मागचं. त्रेपन्न. मी उलटी पानं चाळत गेले आणि आकडा वाढत गेला. काळी घरात आली त्या रविवारी चौपन्न पॉइंट आठ. संक्रांतीला छप्पन्न पॉइंट आठ. दिवाळीला एकोणसाठ पॉइंट सहा. पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, माझ्यासमोर, माझ्या काट्यावर, एकसष्ट पॉइंट चार. नऊ महिन्यांत साडेबारा किलो. त्यातले साडेसहा काळी यायच्या आधीच गेलेले. सगळं तारखेवार, तिच्या सुबक अक्षरात, मी आखलेल्या लाल रेघांच्या आत. आणि वेळ वाचवायला मी सुचवलं होतं म्हणून एकेक आकडा पाच-पाच, सहा-सहा वेळा लिहिलेला. एखाद्याला दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा सांगावं तसा... डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पडवीत खिळ्याला टांगलेलं होतं.

संक्रांतीला मी तिला भेटले होते. हळदीकुंकू लावताना म्हणाले होते, "किती छान बारीक झालीस. शुगर उतरली वाटते. काय करतेस सांग, मलाही करायचं आहे." ती म्हणाली, "चालणं वाढलं." मला तिचा हेवा वाटला होता. हे मी इथे लिहिते आहे, पण त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. रजिस्टर मी माझ्या पिशवीत, साडीच्या घडीत ठेवलं. आठ दिवस ते तिथेच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देताना, तेरवीच्या स्वयंपाक्याला शिधा मोजून देताना मला पिशवी दिसायची. कोणी काळीचं नाव काढलं की जीभ वळवळायची. ती यायच्या आधीच ताई आजारी होती, हे पाहा, असं म्हणून वही पुढे करायची, काम झालं. पण ती वही ज्या क्षणी उघडेल त्या क्षणी दुसरा प्रश्न येणार होता आणि त्याचं उत्तर मी होते. कोंबड्या वाचवायच्या तर मला उघडं पडावं लागत होतं. गप्प राहिले तर दोष एका मुक्या जिवावर जात होता, ज्याच्यावर तो आधीच एकदा टाकला गेला होता. आठ दिवस मी, यादीतलं काम दुसऱ्या दिवसावर न ढकलणारी, हे काम ढकलत राहिले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन पडवीत दाणा-पाण्याची भांडी गोळा करत होता. बोरगावचा माणूस निघाल्याचा फोन आला होता. मी रजिस्टर त्याच्या हातात दिलं. "वाच." त्यानं चाळलं. "काय वाचू? कोंबड्यांची वजनं आहेत." मी म्हणाले, "मधला रकाना. पहिल्या पानापासून." तो उभ्यानंच वाचायला लागला. संक्रांतीच्या पानावर आला तेव्हा हातातलं भांडं खाली ठेवून दांडीवर बसला. शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा पहिल्या पानावर गेला आणि रेघांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "हे रकाने कोणी आखले?"

"मी."

"आणि तू दर रविवारी..."

"फक्त शेवटचा विचारत होते."

मला वाटलं, तो आता बोलेल. बोलायला हवं होतं. मी तयारीत होते. त्यानं चपलेवर टकटक करणाऱ्या जाईला उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मी तर दर महिन्याला घरी येऊन राहिलो होतो, मावशी. समोर बसून जेवलो. मला कायले वजनकाटा पाहिजे होता?" बाहेर मोटरसायकल थांबली. मागे मोठी टोपली बांधलेला माणूस अंगणात आला आणि दारातूनच सहा मोजून घेतल्या. नितीन उठला. "नाही देत," तो म्हणाला. माणूस गोंधळला. "कालच तर हाव म्हटलं साहेब. पेट्रोल जाळून आलो ना मी." नितीन म्हणाला, "दवाई चालू आहे त्यांची. दोघींची तर रोज." त्यावर त्या माणसानं टोपली पुन्हा आवळली. "मंग आधी नाही सांगायचं? दवाईची कोंबडी मी कायले नेऊ, तिले खाईन कोण?" आणि तो गेला. नितीनला हसू आलं आणि त्याच हसण्यात तो एकदम रडायला लागला, ताई गेल्यापासून पहिल्यांदा.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. मी ती दोन बाजूंनी लिहून पाहिली. एक, तिच्याही लक्षात आलं नसेल. आम्ही दोघी कोंबड्यांकडे इतक्या बारकाईनं बघत होतो की वजाबाकीतली खालची संख्या ही कोणाची तरी असते हे विसरलो. दोन, तिच्या लक्षात आलं होतं. तीस वर्षं नर्स होती. साठीतल्या बाईचं वजन विनाकारण उतरलं की काय समजायचं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. अशा बायांना तिनं स्वतः चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं आहे. रजिस्टरच्या मागच्या पानांवर एप्रिलपासून तिनं काही लिहून ठेवलेलं आहे, ठळक मोठ्या अक्षरात. गेंदा, पाय, दर तीन दिवसांनी, पट्टी सैल. जाईला दाणा हातावरच. काळीला उजव्या बाजूनं उचलू नये. ताईला सूचना लिहून ठेवायची सवय नव्हती. ती सवय माझी. ते वाचलं की मला दुसरी बाजू खरी वाटते, आणि मग रविवारच्या फोनवरचा तिचा आवाज आठवतो, त्यात कुठेच काही नव्हतं, की पुन्हा पहिली. हे ठरवणं मला जमणार नाही असं दिसतं.

कोंबड्या आता सौंसरला माझ्याकडे आहेत. सहाही. मागच्या ओसरीत विटेच्या उंचीवर दांड्या लावून घेतल्या. रजिस्टर नवं करायचं मनात होतं, लाल पेन काढलंही होतं, पण जुन्यात पानं शिल्लक होती, म्हणून तेच पुढे चालवलं. दर रविवारी सकाळी मी काट्यावर उभी राहते, आधी एकटी, मग एकेकीला काखेत घेऊन. नितीन दहाला फोन करतो आणि मी प्रत्येक ओळ पूर्ण वाचते, तिन्ही रकाने. ताईच्या हातची गेंदाची शेवटची ओळ आहे, पन्नास पॉइंट सहा, अठ्ठेचाळीस पॉइंट नऊ, एक पॉइंट सात. तिच्या खाली माझ्या अक्षरात, त्र्याहत्तर पॉइंट एक, एकाहत्तर पॉइंट चार, एक पॉइंट सात. शेवटच्या रकान्यात मधे काही घडलं आहे असं दिसतच नाही.